तुरीचा शेजार

जलंबला मुख्य गाडी सोडून खामगावच्या छोट्या गाडीत बसले, तेव्हा डब्यात कापसाचे दोन दलाल आणि कोंबड्यांची एक पाटी, एवढीच सोबत होती. उन्हं कोवळी होती, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. मी मात्र नजर लावून तूर शोधत होते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि मला पीएच.डी. मिळून दोन महिने. पुण्यात पाच वर्षं मी पिकांच्या रोगांवर काम केलं. पण विषय माझ्या मार्गदर्शक सरांचा, प्रयोगाची पद्धतही सरांची. पदवी हाती आल्यावर सर म्हणाले, "आता माझा प्रश्न घेऊन पुढे जाऊ नकोस. स्वतःचा शोध." एका महाविद्यालयात व्याख्यातीची जागा मिळत होती, महिनाअखेर होकार कळवायचा होता. संशोधनच करायचं तर त्याच मुदतीत शिष्यवृत्तीसाठी नवा विषय मांडायला हवा होता, आणि विषय माझ्याकडे नव्हता. अशात वसतिगृहातली मैत्रीण सहज बोलून गेली, "संग्रामपूरजवळ माझ्या मावशीच्या शेतात तूर कधी मरत नाही." मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगानं ऐन फुलात आलेली तूर मुळापासून वाळते. त्याला दाद न देणारं बियाणं सापडलं, तर माझं काम उभं राहणार होतं.

खामगावच्या बाजारात सरकीच्या तेलाचा वास नाकात घेऊन एस.टी. धरली. संग्रामपूरच्या पुढे उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसू लागली. फाट्यावर मैत्रिणीची गोदामावशी बैलगाडी घेऊन स्वतः आली होती.

"एवढी शिकली, आन् तूर पाहाले आली? काऊन वं?" (का गं?)

"तुमची तूर मरत नाही म्हणतात, मावशी."

"हाव. आमची नाही उबयत." उबयणं म्हणजे उभ्या उभ्या वाळणं. माझ्या प्रबंधातल्या अडीच पानांचं वर्णन तिनं एका शब्दात संपवलं.

घरी कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत होतं. मी तीन भाकरी खाल्ल्या, तेव्हा कुठे मावशीला मी आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगांसकट बारा झाडं उपटली, चिठ्ठ्या बांधल्या आणि ओसरीच्या सावलीत ठेवून जेवायला बसले. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. हात धुऊन बाहेर येते तो शेळी शेवटच्या झाडाशी आलेली, चिठ्ठ्याही फस्त!

"आता वं बाई!" मावशी पदर तोंडाला लावून म्हणाली. "खाल्लं हिनं तुह्यं कॉलेज!"

मला रडू यायचं ते हसूच आलं. पण गाडी गेली आणि मुक्काम एक दिवसानं वाढला.

पुन्हा झाडं आणायला सकाळी निघालो, तेव्हा मावशीनं जवळची वाट धरली. ती तिच्या दिराच्या, किसनरावांच्या, शेतातून जात होती. तिथे मी थबकले. निम्मी तूर काळपट पडून वाळली होती.

"हे बियाणं कुठलं?"

"माह्याच घरचं. पेरणीले म्याच तं देलं त्याले."

बियाणं तेच, जमीन तीच, मध्ये फक्त एक धुरा (बांध). म्हणजे बियाण्यात काहीच नव्हतं. मी त्या धुऱ्यावरच बसले. महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते. व्याख्यातीच्या जागेला होकाराचं पत्र मनात लिहायलाही लागले.

मावशी शेजारी टेकली. "त्याची तूर एकली हाय ना, पोरी. आमच्यात पाय (बघ), ज्वारीच्या तासाले (ओळीला) लागून तूर हाय. एकली तूर उबयते. माह्या सासूनं सांगतलं होतं."

"पण काऊन?" माझ्याही तोंडी तिचाच शब्द आला.

"थे मले काय मालूम? थेच तं तुले पाहाचं हाय न!"

मी उठले आणि मावशीच्या शेतात खुरप्यानं खणायला बसले. ज्वारी कापून गेली होती, पण तिची मुळं तुरीच्या मुळांत वेणीसारखी गुंतलेली होती. किसनरावांकडे तुरीचं मूळ एकटंच खाली गेलेलं. ज्वारीचं मूळ मातीत असं काय सोडतं की बुरशीचा जोर मोडतो? हा प्रश्न सरांचा नव्हता. दिवसभर दोन्ही शेतांतली माती आणि मुळं वेगवेगळी बांधत राहिले. पाठ मोडली, पण इतक्या आनंदात मी प्रयोगशाळेत कधी राबले नव्हते.

परतताना खामगावच्या टपाल कचेरीत उभ्याउभ्या महाविद्यालयाला नकार लिहिला. पत्र पेटीत पडल्यावर कडकडून भूक लागली, आणि बाहेर येऊन मी गरमागरम भजी खाल्ली.

शिष्यवृत्ती एक वर्षाचीच मिळाली, मग वाढत गेली. त्या 'काऊन'पायी माझी पुढची कितीतरी वर्षं गेली. उत्तराचा निम्माशिम्मा भाग हाती आला आणि निम्म्यासाठी अजून माती चाळते आहे. नव्यानं पदवी घेतलेली मुलंमुली विचारतात, स्वतःचा विषय कसा सापडतो? मी त्यांना सांगते, पाहायचं ते पाहून झालं असं वाटलं, की तिथे एक दिवस जास्त राहा.