रनाळ्याचा रेडिओ आणि रॉकेलचा डबा

पाटलांच्या ओट्यावर रेडिओ ठेवला होता आणि त्यातून नुसती खरखर येत होती. सगळं रनाळं गाव जमलेलं. पाटील म्हणाले, "भाऊ, हाऊ रेडिओ शे का भज्यासनी कढई?" लोक खो खो हसले. याकूबचे अब्बा मात्र हसले नाहीत.

याकूब आणि मी पुण्याला कॉलेजात वायरलेस शिकत होतो. शेवटचं वर्ष उरलं होतं. अब्बांचं नंदुरबारला पत्राकामाचं दुकान. मुलाने आता दुकानात बसावं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पाटलांचा रेडिओ वाजला तर कॉलेजला जाऊ द्या, एवढंच याकूबने मागून घेतलं होतं.

सेट विजेवरचा आणि गावात वीज नाही. मी तर हातच टेकले. याकूबने मोटारीची बॅटरी मागवली. व्हॉल्व्ह, म्हणजे सेटमधले काचेचे दिवे, तिच्यावर तापले. पण सेटला जास्त व्होल्टेजही लागतं. ते ट्रान्सफॉर्मर वाढवतो, आणि त्याला बॅटरीचा सरळ करंट चालत नाही. करंट सारखा तुटावा-जुळावा लागतो. या पठ्ठ्याने पुण्याहून आणलेली विजेची घंटी खोलली, तिची हातोडी काढली आणि करंट तोडणारी तिची थरथरती पट्टी तेवढी वापरली. मी चाट पडलो. पॉवर सर्किटचा धडा आम्ही एकाच बाकावर बसून ऐकला होता!

आणि एवढं करून ही खरखर.

"चल, हो गया. अब दुकान," अब्बा म्हणाले.

"ठहरो अब्बा. पॉवर आ गयी." याकूब माझ्याकडे वळला. "पट्टीपाशी ठिणगी उडतेय. प्रत्येक ठिणगी म्हणजे इवलंसं रेडिओ स्टेशनच. तिला कोंडायला हवं."

ठिणगीच्या लहरी पत्रा अडवतो, पण फटीतून त्या निसटतात. याकूबने रॉकेलचा डबा कापला, पट्टी आत बसवली आणि अब्बांच्या पिशवीतली हत्यारं घेऊन, कथील वितळवून फटींना टाके द्यायला बसला. कथील ओघळून भलतीकडेच जात होतं. अब्बांनी थोडा वेळ पाहिलं आणि हत्यार काढून घेतलं. संपलं, असं मला वाटलं.

अब्बा मांडी घालून बसले. "बोल, कहां टांका लगाऊं?"

आजवर याकूबच त्यांना हे विचारत आला होता.

"चारो तरफ, अब्बा. फट न रहे."

डब्याला तार जोडून तिचं टोक ओल्या मातीत पुरलं. सेट तापला आणि स्वच्छ, खणखणीत गाणं लागलं. पाटील खूश होऊन ओरडले, "आते गाई ऱ्हायना!"

अब्बांनी हत्यारं पिशवीत भरली. "जा कालेज. छुट्टी में आके टांका सीख."

मी पुढे जन्मभर रेडिओच दुरुस्त केले. खरखर आली की अजूनही आधी डब्याची फट शोधतो. याकूब शेवटच्या वर्षाला पहिला आला. टाका मात्र त्याला कधीच नीट जमला नाही.