भिंतीपलीकडचं पोटझाकण

आधीच सांगून टाकते — भुतंखेतं, करणी, अंगात येणं यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. इथले कितीतरी अनुभव वाचून मी खुशाल हसले आहे, तेव्हा माझ्यावर हसायचा तुम्हालाही पूर्ण हक्क आहे. पण त्या हॉटेलवरचा आणि त्या माणसांवरचा माझा राग इतक्या वर्षांतही उतरला नाही, म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकातली, शेवटाशेवटाची गोष्ट. आम्ही बार्शीचे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धान्याची आडत होती. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं माझ्या विधवा काकूनं, अण्णांच्या थोरल्या वहिनीनं. माझं लग्न पुण्याच्या एका घरात ठरलं आणि बस्ता सोलापूरला, नवी पेठेत बांधायचं ठरलं. होणाऱ्या सासूबाईंनी निरोप धाडला — "आम्ही लॉजवर वगैरे उतरत नाही." झालं! अण्णांनी स्टेशनजवळच्या नव्या 'लक्झरी' हॉटेलात शेजारीशेजारी दोन खोल्या घेतल्या, एक सासूबाई आणि नवरदेवांना, एक आम्हाला. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला?

भाडं ऐकून काकू मटकन खालीच बसली. त्या भाड्यात काय मिळालं म्हणाल, तर एक एसी, जो रात्रभर कण्हायचा आणि गरम वारं सोडायचा. कुबट वासाचा गालिचा. आणि बाथरूममध्ये हा एवढा मोठा टब, नळाला पाण्याचा थेंब नाही, आणि टबात पाणी भरून ठेवलेली एक प्लास्टिकची बादली!

"ह्यात काय म्हशी धुत्यात व्हय?" काकूनं विचारलं.

आम्ही घरून भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. टायवाला मॅनेजर म्हणाला, "मॅडम, बाहेरचं खाणं अलाउड नाही." त्याच्याकडचं खाणं म्हणाल तर गार चहा आणि चामड्यासारखं ऑम्लेट. भिंती प्लायवूडच्या. शेजारी नवरदेव खोकले की आमच्या खोलीत ऐकू यायचं, आणि ते फार खोकायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना अक्कलकोटला दर्शनाला जायचं होतं. अण्णांनी मोटार ठरवली. मोटारीत सासूबाई, नवरदेव आणि अण्णा. "तुम्ही दोघी आराम करा, गर्दी होईल," असं सासूबाई काकूकडे न बघता म्हणाल्या. आम्ही राहिलो. दुपारी दार लावून, चोरून, गालिच्यावर बसून भाकरी खात होतो आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

सासूबाईंचाच. तोच नाकातला.

"आई नाही, आणि ह्या बाईंना कुंकू नाही. मग पोटझाकण द्यायचं कुणाला? एखादं सुती लुगडं द्या, घरकामाला होईल."

पोटझाकण म्हणजे नवरीच्या आईला वराकडून मिळणारी साडी. लेक पोटात वाढवली, तिचा मान. आमच्याकडे सगळे धरूनच चालले होते की तो मान काकूचा. काकू तोंडानं काही बोलायची नाही, पण तिनं त्या साडीसाठी पेटीत जागा केलेली मी पाहिली होती.

मग पलीकडे खोकला. मग अण्णांचा आवाज — "बरोबर आहे. तुम्ही म्हणाल तसं."

आणि मग... मग माझा आवाज. माझाच, मंडळी. "मला ह्या घरात लग्न करायचं नाही."

माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. काकू माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा हात चटणीवर तसाच थांबला होता.

मला वाटलं, ही मंडळी लवकर परतली आणि माझी टिंगल चालली आहे. मी तरातरा बाहेर गेले. शेजारच्या दाराला कुलूप! खाली किल्ली मॅनेजरच्या मागे खिळ्याला टांगलेली. मी आरडाओरडा केला तेव्हा तो कुरकुरत वर आला आणि दार उघडलं. पलंग आवरलेले, पंखा बंद, आत चिटपाखरू नाही. त्या खोलीपलीकडे दुसरी खोलीही नव्हती, सरळ रस्ता होता.

"आमच्या हॉटेलात असलं काही होत नाही," तो म्हणाला.

"तुमच्या हॉटेलात पाणीसुद्धा होत नाही!" मी म्हणाले आणि खोलीत येऊन रडले.

काकूनं माझा हात धरला. "सुमे, आयकलं न्हाय म्हण. अन् खरंच तसं काय झालं, तरी तू गप र्‍हायचं. माझ्या लुगड्यापायी तुझं लगीन मोडायचं न्हाय. घे माझी शपथ."

"काकू, मी..."

"घे म्हणते की!"

घेतली. तिच्या गळ्याला हात लावून घेतली.

मंडळी अक्कलकोटहून परतल्यावर संध्याकाळी आम्ही सगळे नवी पेठेत गेलो. दुकानदारानं पांढऱ्या गादीवर शालू उलगडले, मानपानाच्या साड्या झाल्या, करवलीची झाली. सासूबाई प्रत्येक साडी बोटांनी चोळून नाक मुरडत होत्या. शेवटी दुकानदार म्हणाला, "आता पोटझाकण दाखवू का, बाईसाहेब?"

मी काकूकडे पाहिलं.

"आई नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि ह्या बाईंना कुंकू नाही. मग पोटझाकण द्यायचं कुणाला? एखादं सुती लुगडं द्या, घरकामाला होईल."

शब्द न् शब्द तोच. नवरदेव खोकले. आईपुढे त्यांना एवढंच करता यायचं. अण्णांनी मान खाली घातली. मी मनात म्हणत होते, अण्णा, नका म्हणू, एकदा तरी नका म्हणू.

"बरोबर आहे. तुम्ही म्हणाल तसं."

काकूनं माझं मनगट इतकं घट्ट आवळलं की बांगडी रुतली. मी दातावर दात दाबून धरले. शपथ होती. मी बोलले नाही — हे मी आज कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन.

"मला ह्या घरात लग्न करायचं नाही."

सगळं दुकान ऐकत होतं. दुकानदाराच्या हातातली घडी सुटली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नवरदेवांनी पाहिलं. काकू तेवढी माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पुढे मी हे पुष्कळांना सांगितलं. माझा डॉक्टर भाचा म्हणतो, भास. पण दोघींना एकच भास? आणि संध्याकाळी सगळ्या दुकानाला? कुणी म्हणतं तुझी गेलेली आईच बोलली, पण आवाज माझा होता, आईचा नव्हे. ते हॉटेल पुढे बंद पडलं, त्याबद्दल मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तिथं पूर्वी काय होतं याचीही चौकशी केली. काही नव्हतं, मोकळी जागा होती. मला आजही काही उमगलेलं नाही.

तर त्या संध्याकाळी दुकानात अण्णा गादीवरून अर्धवट उठले. "सुमन, हे तू बोललीस?"

काकूनं मनगट पुन्हा दाबलं. मला कळलं, ती सांगतेय, न्हाय म्हण. 'नाही' म्हणाले असते तर ते खरंच होतं, आणि लग्नही वाचलं असतं. कुणीतरी हसून विषय बदलला असता आणि मी पुण्याला गेले असते.

मी अण्णांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हो. मीच बोलले."