दुपारच्या पाळीचा जोडीदार

आमचे हे एकतीस वर्षं कोळशाच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर. घरातला मिक्सर चार महिने बिघडलेला चालेल, पण तिथलं यंत्र जरा कण्हलं की हे भरल्या ताटावरून उठायचे. गेल्या वर्षी केंद्र बंद पडलं. पलीकडच्या माळावर सोलर आलं, बॅटऱ्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. ह्यांना तिथे रुजू व्हायचं पत्रही आलं. महिनाअखेरपर्यंत गेले नाहीत तर जागा दुसऱ्याला. आणि हे हलायला तयार नाहीत.

"शाफ्ट कोण वळवणार?" म्हणे.

टर्बाइनचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता आस, बंद पडून एकाच अंगावर राहिला की स्वतःच्या वजनाने वाकतो. म्हणून त्याला लांब दांडा लावून अर्धा फेरा द्यायचा. त्यावरची खडूची खूण सकाळी ह्यांनी खाली न्यायची, दुपारी ह्यांच्या जोडीदाराने परत वर आणायची. त्याच्या कानामागे कायम खडू, म्हणून सगळे त्याला खडूमास्तर म्हणत. मी भाऊजी म्हणायची. केंद्र बंद झालं आणि दोन महिन्यांत भाऊजी वारले. मग राखणीला हे एकटेच उरले, तेही दिवसभर तिथेच पडीक.

इकडे सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. बोलणं बंद. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते सगळं माझ्या गळ्यात. माझी कंबर पार कामातून गेली होती. नव्या कामावरून हे वेळेवर घरी आले असते, निम्मं ओझं उचललं असतं. एकदा मी फाडकन बोलले, "भंगारात जाणाऱ्या लोखंडाची कूस वळवता, आईची कोण वळवणार?"

हे खाली मान घालून म्हणाले, "मी रोज खूण खाली करून येतो. दुसऱ्या दिवशी ती वर असते."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच."

माणूस हातचा गेला, असंच वाटलं.

यंत्र कापायला माणसं यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी नणंदेला घरी बसवून मी ह्यांच्याबरोबर गेले. हॉलमध्ये धूळ इतकी, की ह्यांच्या चपलांची रोजची वाट स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या कुणाचं पाऊल नाही. ह्यांनी दांडा लावला, खूण खाली नेली. बाहेर येऊन कुलूप घातलं आणि दाराशीच बाकावर बसलो. तीन वाजता उघडलं तर खूण वर. तिच्यावरून खडू नुकताच फिरवलेला, पांढराशुभ्र. धुळीत पावलं आमचीच.

खरं सांगते, भीतीपेक्षा राग जास्त आला.

"भाऊजी," मी म्हटलं, "उद्या हे यंत्र कापणार आहेत. इथलं काम संपलं. ह्यांना सांगून माझं तोंड दुखलं, आता तुम्हाला सांगते. दुसरं काहीतरी काम बघा. आणि ह्यांना सोडा."

हे बाहेर येऊन लहान मुलासारखे रडले. महिना संपायच्या आत सोलरवर रुजू झाले.

त्याच आठवड्यात मी दुपारी एक वाजता सासूबाईंना भिंतीकडे वळवून औषधं आणायला गेले. दुकानात ही गर्दी. घरी यायला साडेचार झाले. कुलूप काढताना स्वतःला शिव्या घालत होते. आत आले तर सासूबाईंचं तोंड खिडकीकडे. पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी, सगळं जिथल्या तिथे. शांत झोपल्या होत्या. बाहीवर चार पांढरी बोटं उमटलेली.

संध्याकाळी ह्यांना बाही दाखवली. ह्यांनी आपली बोटं त्यावर ठेवून पाहिली. ह्यांची आखूड पडली.

"तुझं ऐकलं त्याने," हे म्हणाले.

मला भीती वाटते. नाही कशाला म्हणू? पण हल्ली दुपारी मी दुसऱ्या खोलीत दार लोटून घेते आणि आडवी होते. तीन वर्षांनी पाठ टेकते आहे.