लांडगे सरांना भाऊ होता

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर लांडगे सर जर्मन शिकवायचे. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहायचे: वोल्फ. "वोल्फ म्हणजे लांडगा. म्हणजे मीच. काय हसायचंय ते आज हसून घ्या. उद्यापासून हसायचं तर जर्मनमध्ये."

एकदा अक्कलकोटचा एक पोरगा म्हणाला, "सर, तितं तुमाला हेर वोल्फ म्हनतील की!"

"व्हय. हेर म्हंजे श्रीयुत. आन् हितं लांडगे. माणूस त्योच हाय."

या शब्दावर ते तासभर बोलत. तिकडचे लोक मुलांची नावं हौसेनं वोल्फगांग, वोल्फ्राम ठेवत. तीच आखडून वोल्फ आडनाव झालं. कुणाला ते दारावरच्या लांडग्याच्या चित्रावरून मिळालं. खिमा करायच्या यंत्राला लांडगा म्हणतात. चालून चालून मांड्या सोलवटल्या तरी लांडगाच झाला म्हणतात. "शब्द सगळीकडं राबतोय, आणि आपण लाजतोय!"

आमचं घराणं जेऊरकडचं, मेंढरं राखणारं. आमचं म्हणतो, कारण सर माझे सख्खे चुलत भाऊ. लांडग्यानं कोकरू नेलं तरी आमचे आजोबा शिव्या देत नसत. "त्याचा वाटा त्यानं नेला," एवढंच म्हणत. अशा घरात जन्मून मी आडनाव बदललं. मुलीच्या सोयरिकी जुळेनात, म्हणून जेऊरकर झालो. सरांनाही गळ घातली. ते म्हणाले, "तुला जायचं तर जा. मी हितंच हाय."

लग्नात व्याह्यांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "आमच्या ओळखीचे. जर्मन शिकवतात." सरांनी हात जोडले. "मी लांडगे," ठणठणीत आवाजात म्हणाले. नातं मात्र सांगितलं नाही. नाव त्यांनी स्वतःचं राखलं आणि अब्रू माझी. पंगतीला न बसता गेले. पुढं ते माझ्या घरी कधी आले नाहीत, आणि मीही बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात सर गेले. शोकसभेत वक्ते म्हणाले, सर एकटे होते, त्यांना भावकी नव्हती. हे खोटं आहे. लग्न त्यांनी केलं नाही, हे खरं. पण भाऊ होता, याच गावात, चार गल्ल्यांवर.

दहाव्याला मी डोकं आणि मिशी उतरवली. भावकीतला माणूस उतरवतो तशी. संध्याकाळी जावई आले आणि दारातच थबकले.

"मामा, हे काय? कोण गेलं?"

"भाऊ गेला माझा."

"तुम्हाला कुठं भाऊ होता?"

"होता की. नवी पेठेतले लांडगे सर."

"लांडगे? मग तुम्ही..."

आतून माहेरी आलेली मुलगी हाक मारत होती, बाबा, आत या, आत या. मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो,

"मीबी लांडगेच. आन् तुमची बायको लांडग्याची लेक हाय."