मामांची यादी आणि पडद्यामागचा दारवान

साताऱ्याहून सांगलीला सासरी जाताना मी बसमध्येच दोन इंच फुगतो. मागच्या खेपेला जेवताना थाप ठोकली होती, की लिनक्सचं मशीन नुसत्या माझ्या आवाजानं सुरू होतं. ती थाप त्या सकाळी मानगुटीवर बसली.

सासऱ्यांची, म्हणजे मामांची, हळदीची अडत. दहाला सौदा, आणि साडेनऊला दुकानातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरचा पडदा गोठला. पडद्यावर त्या दिवशी माल आणलेल्या शेतकऱ्यांची यादी, तीही सेव्ह न केलेली. सौदा उठेस्तोवर वही मिटायची नाही हा मामांचा रिवाज, आणि सेव्ह करणं म्हणजे वही मिटणं ही त्यांची पक्की समजूत.

"पाव्हणं, तुमच्या आवाजानं चालू हुतं म्हनं. वरडा की!"

"डिस्प्ले मॅनेजर रीस्टार्ट केला की झालं, मामा."

डिस्प्ले मॅनेजर म्हणजे लॉगिनची खिडकी दाखवून आत सोडणारा दारवान. पण इथला कोणता? माझ्या घरी जीडीएम नावाचा, म्हणून इथंही तोच, असं धरून मी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून नुसत्या हुकमांचा काळा पडदा उघडला आणि त्याच्या रीस्टार्टचा हुकूम सोडला. उत्तर आलं, असा कुणी इथं नाही. घाम असा फुटला, की कृष्णेचं पाणी फूटभर चढलं असेल.

मग इथला दारवान कोण ते विचारायला systemctl status display-manager टाइप केलं. नाव आलं: लाइटडीएम! रीस्टार्टचा हुकूम लिहिला, बोट एंटरवर ठेवलं.

"यादी ऱ्हाईल नव्हं?"

बोट थिजलं. दारवान उठवून पुन्हा बसवला, की आतलं सगळं बंद, यादीसकट. मघाशी माझा अंदाज बरोबर आला असता, तर ती केव्हाच गेली असती!

"न्हाई मामा. जाईल." सासरी मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

पुन्हा गोठलेल्या पडद्यावर आलो. यादी अजून दिसत होती. मामा वाचत गेले, मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेलो. शेवटची सात नावं पडद्याच्या खाली दडलेली. ती मामा डोळे मिटून आठवू लागले. सहा आली. सातवं येईना. दहाला पाच मिनिटं. मामांचे ओठ नुसतेच हलत होते.

दाराशी पोत्यावर टेकलेला एक शेतकरी खाकरला.

"आवं शेठ, सातवा मीच हाय की! कवाधरनं हितंच बसलोय."

त्याचं नाव लिहिलं, काळ्या पडद्यावर परतलो, आणि मगच एंटर दाबलं.