काकूंची न धुतलेली पिशवी

ती केस आजही आठवली की आधी जिभेवर चव येते, मग घाम फुटतो. मी तेव्हा वॉशिंग्टन राज्यात, मासेमारीचे कायदे राबवणाऱ्या पोलीस शाखेत होतो. मार्चमधला रविवार, सुट्टीचा दिवस. बॉथेलला राहणाऱ्या, मूळच्या मालवणच्या एका काकूंचा फोन आला. "अरे, जेवायला ये! हेरिंग मिळालेत, गाभोळीनं टच्च भरलेले!"

हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची थोरली बहीण. धावत गेलो. तिसरा तुकडा अर्धा खाल्ला आणि हात थांबला. गाभोळी इतकी पिकलेली म्हणजे मासा अंडी घालायला किनाऱ्याशी आलेला. आणि जवळची खाडी तर त्या अंड्यांसाठीच आम्ही मासेमारीला बंद केली होती!

"काकू, कुठून आणलेत हे?"

"धक्क्यावरच्या माझ्या नेहमीच्या बोटवाल्याकडून. का रे?"

"उरलेल्यांना हात लावू नका. आणलेल्या पिशवीतच, तसेच फ्रीजमध्ये राहू देत."

काकूंचा चेहरा उतरला. "त्याचं लायसन्स जाईल? दहा वर्षांचा माझा माणूस आहे रे तो."

"बंद खाडीत धरले असतील तर जाईल." मी पहिल्यापासून फटकळ.

जोडीदाराला बोलावून धक्का गाठला. बोटीला लागून, पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात हजारो जिवंत हेरिंग फिरत होते. गळाला लावायचं आमिष म्हणून विकायला. चार वाजता ट्रक येणार होता, आणि तीन वाजून गेले होते. एकदा मासे ट्रकमध्ये चढले की सगळंच संपलं.

कप्तानाच्या, म्हणजे काकूंच्या बोटवाल्याच्या, नोंदवहीत लिहिलं होतं, खोल समुद्रात धरले. डेक चकाचक, जाळंही धुतलेलं. मच्छीमाराची बोट आणि एवढी स्वच्छ? पण नुसत्या संशयावर जप्ती होत नाही. पाऊण तास उलटसुलट विचारलं. गडी बधेना. "खोल समुद्र, ऑफिसर. लिहून घ्या." लिहून घेतलं, सही घेतली.

ट्रक वळणावर दिसला आणि काकूंचा फोन आला. "अरे, पिशवी पुन्हा बघितली. तळाशी गवत आहे, त्याला बारीक साबुदाण्यासारखं काहीतरी चिकटलंय."

मी उडालोच! काकूंची जुनी खोड, मासे विकणाऱ्याला धुऊ द्यायचे नाहीत, चव जाते म्हणे. पठ्ठ्याने बोट धुतली, जाळं धुतलं, काकूंची पिशवी तेवढी राहिली. हेरिंग किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातल्या गवतावर अंडी घालतात. खोल समुद्रात ते गवत उगवतच नाही.

पिशवी सील करायला दुसरा अधिकारी बॉथेलला पाठवला आणि काकूंनी पाठवलेला फोटो कप्तानापुढे धरला. त्याने नोंदवही मिटली. "एकदाच गेलो होतो त्या खाडीत," म्हणाला. ट्रक रिकामा परत गेला. पिंजरा ओढत खाडीत नेऊन उघडला, तसं सगळं पाणी चमचमलं. मी, पन्नाशीचा बाप्या, आनंदाने चक्क ओरडलो!

'पुराव्यातले अडीच तुकडे तपास अधिकाऱ्याने खाल्ले,' हे माझ्या अहवालातलं वाक्य कोर्टात वाचलं गेलं. न्यायाधीशसुद्धा हसले. साक्ष काकूंनी दिली. परवाना एका हंगामापुरता गेला.

बाहेर कप्तान काकूंना म्हणाला, "तुम्ही? माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक?"

काकूंचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "म्हणून तर फोन केला. मला पुढेही हेरिंग तुझ्याकडूनच घ्यायचेत. खाडीतली अंडीच उरली नाहीत, तर ते येणार कुठून?"

साक्षीदार एकतर आरोपीच्या बाजूचा असतो, नाहीतर आपल्या, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. काकू दोघांच्याही बाजूच्या होत्या. दुसऱ्या वर्षी हंगाम उघडला, तेव्हा त्याच्या बोटीपाशी पहिल्या त्याच उभ्या होत्या, पिशवी घेऊन.