लतिकाच्या हातची झबली

दुबईतल्या अल कुसैसमधल्या त्या बिल्डिंगमधून कुणी कायमचं भारतात परत निघालं की खाली कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी अख्खा संसार येऊन पडायचा. पडदे, उशा, बाबागाडी, एका कोपऱ्यात डाग पडलेला गालिचा. लतिका भाजी आणायला म्हणून खाली उतरायची आणि पडदे घेऊन वर यायची. तिच्या नवऱ्याला, शैलेंद्रला, हे अजिबात आवडत नसे. तो एका एअर कंडिशनिंग कंपनीत एस्टिमेटर होता, कामांच्या खर्चाचे अंदाज काढायचा, रोज टाय लावून जायचा. ऑफिसमधल्या कुणी पाहिलं तर काय म्हणतील, असं तो दर वेळी विचारायचा. लतिका पडदे उकळत्या पाण्यातून काढायची, बाल्कनीत वाळवायची आणि त्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवून टाकायची.

लग्नाआधी ती पुण्याच्या एका शाळेत शिवणकाम शिकवत असे. चौऱ्याण्णव साली दुबईत आली तेव्हा हातात नोकरी नव्हती, मशीन मात्र होतं. वाया घालवणं तिला जमतच नसे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी ती बादलीत धरायची आणि ते पुदिन्याला घालायची. पुदिना दूधपावडरच्या डब्यांत लावलेला. खालच्या यूनुस टेलरकडे कंदुरे, म्हणजे अरब पुरुषांचे पांढरे पायघोळ झगे, शिवले जात. तिथून निघणाऱ्या पांढऱ्या सुती चिंध्या तो तिच्यासाठी वेगळ्या ठेवायचा. बिल्डिंगमधल्या मराठी बायका तिला हसायच्या आणि साडीला फॉल लावायचा असला की तिच्याकडेच यायच्या.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात लतिकाला मुलगी झाली, ईश्वरी. जन्मतः हृदयाला छिद्र होतं. सात किलोची झाली की ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर तिला सर्दी होऊ द्यायची नाही, गर्दीत न्यायचं नाही. म्हणजे घरातच ठेवायचं. दूध पितानाच ईश्वरी दमायची, कपाळाला घाम यायचा, वजनाचा काटा पुढे सरकायला तयार नसायचा.

पुण्याला आणि नाशिकला दोन्हीकडच्या आजी-आजोबांना नात बघायची होती. लतिका दर महिन्याला एक फोटो पाठवायची, आणि फोटोसाठी दर महिन्याला नवा पोशाख शिवायची. दुकानात असले पोशाख साठ दिरहमला मिळत, म्हणजे तेव्हाचे सहाशे रुपये, आणि सगळे नायलॉनचे, अंगाला टोचणारे. लतिकाचे पोशाख घरातल्याच कापडातून निघायचे. शैलेंद्रच्या जुन्या पिवळ्या टी-शर्टची मधमाशी झाली, पडद्याच्या हिरव्या कापडाची भेंडी झाली, एका महिन्यात ईश्वरी टोमॅटो होती. डोक्यावरून कपडा घालताना ईश्वरी घाबरी व्हायची, ओठ निळे पडायचे. म्हणून लतिका सगळे पोशाख समोरून पूर्ण उघडे ठेवायची आणि बाजूला मऊ नाड्या लावायची. बाळाला त्यावर नुसतं ठेवायचं आणि बांधायचं. आतून सगळ्यांना तिच्या जुन्या मलमलच्या ओढण्यांचं अस्तर.

फोटो बघून तिथल्या मराठी मंडळातल्या बायका खूश व्हायच्या. समोरच्या फ्लॅटमधली शोभना तेव्हा नवीन लग्न होऊन आली होती. तिने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की माझ्या बाळाचे कपडेही तूच शिवायचेस.

पुढच्या मार्चमध्ये धुळीचं मोठं वादळ आलं. खिडक्यांना ओले टॉवेल लावले तरी घरात बारीक वाळू येत राहिली. ईश्वरीला खोकला झाला, मग ताप. हॉस्पिटलमध्ये नेली ती परत आली नाही. ऑपरेशनच्या वजनाला थोडंच कमी होतं.

पुढचं सगळं शैलेंद्र आणि ऑफिसमधल्या दोघांनी केलं. कागद, शिक्के, गाडी, दफन. बायकांनी जायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं आणि लतिकाला घरी बसवून ठेवलं. तो संध्याकाळी परत आला तेव्हा तिने एकच विचारलं, तिच्या अंगावर काय होतं. हॉस्पिटलच्या पांढऱ्या कापडात गुंडाळली होती, असं तो म्हणाला. तो घरून निघताना लतिकाने मधमाशीचा पोशाख पिशवीत घालून दिला होता. ती पिशवी शैलेंद्रच्या हातातच होती. आपल्या लक्षातच राहिलं नाही, असं त्याने सांगितलं. ते खरंही होतं. त्या दिवशी त्याला स्वतःचा फोन नंबरही नीट सांगता येत नव्हता.

पोशाखांचं खोकं कपाटावर गेलं आणि मशीनवर चादर पडली. शैलेंद्र जास्त वेळ ऑफिसात थांबू लागला. घरी दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलायची.

वर्षभराने शोभनाला मुलगा झाला, अंश. गोकुळाष्टमीला मंडळात बाळगोपाळांचा कार्यक्रम असायचा. लतिकाला शोभनाचं जुनं बोलणं आठवत होतं. तिने मशीनवरची चादर काढली, स्वतःच्या पिवळ्या रेशमी साडीचे काठ उसवले आणि इवलंसं पीतांबर शिवलं. आतून मलमल, बाजूला नाड्या. इतक्या महिन्यांनी ती काही शिवत होती, आणि शिवताना तिला भूक लागली, हेही तिच्या लक्षात आलं. शोभनाने पोशाख घेतला, छान झालाय म्हणाली, चहा केला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात शोभनाच्या सासूबाई उभ्या होत्या. त्या बाळंतपणासाठी ठाण्याहून आल्या होत्या. हातात पीतांबराची पिशवी होती, आणि रिकामी परत द्यायची नाही म्हणून वर डिंकाच्या लाडवांचा डबा.

"राग मानू नकोस बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तू शिवलंयस सुंदर. पण तुझं लेकरू गेलंय. तुझ्या हातचं नको गं, बाळाच्या अंगाला."

समोरचं दार अर्धवट उघडं होतं. शोभना आत ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळली नाही. लतिकाने पिशवी घेतली, लाडवांचा डबाही घेतला, आणि दार लावून घेतलं. सासूबाई वाईट बाई नव्हत्या. त्या मनापासून घाबरल्या होत्या, आणि जे बाकीच्या बायका मनात म्हणत होत्या ते त्यांनी तोंडावर सांगितलं, एवढंच. त्यानंतर लतिकाच्या लक्षात यायला लागलं. लिफ्टमध्ये ती असली की बायका बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत. डोहाळजेवणाचं बोलावणं तिला यायचं, पण उशिरा, येऊ नये अशा बेताने.

दोन हजार साली तिला पुन्हा दिवस गेले. यावेळी तिने कुणालाच सांगितलं नाही. पुण्यालाही नाही. पाचवा महिना संपत आला असताना एका सकाळी पोटात कळा सुरू झाल्या आणि दुपारी हॉस्पिटलमध्ये सगळं संपलं. शैलेंद्र साइटवर होता, तो येईपर्यंत घरचं कुणी जवळ नव्हतं. तिच्याजवळ एक नर्स थांबली. हैदराबादची साजिदा, मध्यम वयाची, शांत बोलणारी. बाळ बघायचंय का, असं साजिदाने हिंदीत विचारलं. लतिका हो म्हणाली.

साजिदाने ट्रे आणला. बाळ ड्रेसिंगच्या जाळीदार कापडात गुंडाळलेलं होतं, ते कापड ओलसर अंगाला चिकटलं होतं. लतिका ते सोडवायला गेली तर साजिदाने तिचा हात धरला. ओढू नका, कातडी इतकी पातळ असते की कापडाबरोबर निघून येते, असं तिने सांगितलं.

"कपडे नाहीत यांना?" लतिकाने विचारलं.

"इतने छोटे कपड़े कोई बनाता नहीं, बहन," साजिदा म्हणाली. "जो ज़िंदा पैदा होते हैं वक़्त से पहले, उनके लिए भी नहीं."

हॉस्पिटलमधून आल्यावर काही दिवस लतिका पडून होती. मग एके दिवशी शैलेंद्र ऑफिसला गेल्यावर तिने कपाटावरचं खोकं खाली काढलं आणि कात्री घेतली. पूर्ण दिवस ती मधमाशी, भेंडी, टोमॅटो उसवत बसली. वरचं कापड तिने बाजूला टाकलं. तिला हवं होतं ते अस्तर. ईश्वरीच्या अंगाला घासून, धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल. तळहाताएवढी झबली तिने कापली. बाही नाही, बटण नाही, आतल्या बाजूला शिवण नाही. सपाट उघडायची, बाळाला त्यावर ठेवायचं आणि दोन्ही बाजूंनी नाड्या बांधायच्या.

शैलेंद्र घरी आला तेव्हा जमिनीवर पिवळे आणि लाल तुकडे पसरले होते. तो बूटही न काढता उभा राहिला.

"हे तरी ठेवायचं होतंस," तो म्हणाला. "तिचं म्हणून एवढंच होतं आपल्याकडे."

"ठेवून कुणाला घालणार होतो?"

त्याने बूट काढले. आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. लतिकाला वाईट वाटलं, पण तिने काम थांबवलं नाही. ईश्वरीचं अस्तर संपलं, मग यूनुसकडच्या कंदुऱ्यांच्या चिंध्या, मग तिच्या आईची जुनी वायलची पातळं.

वॉर्डातल्या तसल्या बाळांसाठी झबली घेऊन ती गेली तेव्हा मुख्य सिस्टरने आधी नाहीच म्हटलं. बाहेरचं कापड, इन्फेक्शनची भीती. साजिदाने मध्ये पडून विचारणा केली. बऱ्याच दिवसांनी परवानगी आली. कापड पांढरं सुती हवं, उकळलेलं हवं, पाकिटं बंद हवीत. लतिकाने सगळं तसंच केलं. लोखंडी पातेल्याचा गंज लागतो म्हणून स्टीलचं पातेलं त्यासाठीच वेगळं काढलं. गाडी तिला चालवता येत नव्हती, बस बदलत जावं लागायचं. एका गुरुवारी ती पिशवी घेऊन निघाली तर शैलेंद्रने गाडीची किल्ली उचलली. त्यानंतर दर वेळी तोच न्यायचा. वर मात्र यायचा नाही. खाली पार्किंगमध्ये एसी लावून बसून राहायचा.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, म्हणजे पुण्याच्या पावसाळ्यात, दुबईत तर अंगाची लाही होत होती, लतिका पाकिटं द्यायला वर गेली तेव्हा साजिदा तिची वाटच पाहत होती. आतल्या खोलीत एक तरुण बाई होती, बहुधा सुदानची. तिचं बाळ सकाळी गेलं होतं. न्यायच्या आधी त्याला नीट बघायचं, थोडा वेळ जवळ घ्यायचं, असं तिने सांगितलं होतं. साजिदाने तिला झबलं दिलं, पण तिचे हात इतके थरथरत होते की नाडी पकडता येत नव्हती. नर्सला हात लावू देत नव्हती.

"आप चलिए मेरे साथ," साजिदा म्हणाली.

लतिका दारातच थांबली. आपलं काय काय झालंय हे त्या बाईला माहीत नाही, ते आधी सांगायला हवं, असं तिला वाटलं. तिने साजिदाला तसं म्हटलंही. साजिदाने ते त्या बाईला अरबीत सांगितलं, तोडक्यामोडक्या शब्दांत. हिची दोन गेली, हे हिने शिवलंय.

त्या बाईने लतिकाचं मनगट धरलं आणि तिचा हात बाळाच्या छातीवर ठेवला.

लतिकाने झबलं उघडून गादीवर पसरलं. त्या बाईने मानेनेच होकार दिला, तेव्हा साजिदाने बाळ उचलून त्यावर ठेवलं. लतिकाने एक बाजू आणली, दुसरी आणली. नाड्या ओढल्या नाहीत, नुसत्या एकीवर एक घालून सैल गाठ मारली. झबल्याबरोबरची इवली टोपी घालायला बाळाचं डोकं उचलावं लागलं, ते ती आई स्वतः करू शकली. कुणी मोठ्याने रडलं नाही. ती बाई बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती आणि लतिका तिथेच उभी होती, कारण तिचं मनगट त्या बाईने पुन्हा धरलं होतं.

खाली आली तेव्हा शैलेंद्र गाडीत पेपर वाचत होता. इतका वेळ का लागला, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. सगळं, क्रमाने. त्याने गाडी सुरू केली नाही.

"आपलं दुसरं," तो म्हणाला, "काय होतं गं? मी कधी विचारलंच नाही."

"मुलगा."

"तू बघितलास?"

"हो."

मग तो रडला. ईश्वरी गेली तेव्हाही लतिकाने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मागच्या गाडीवाल्याला जागा हवी होती, तो हॉर्न वाजवत होता. शेवटी खाली उतरून आला, काचेवर टकटक केली, आत बघितलं आणि "खलास, खलास" म्हणजे राहू दे असं अरबीत म्हणत परत गेला.

त्यांना पुढे मूल झालं नाही. शोभनाने एकदा कामवालीच्या हाती जुन्या धोतरांचं गाठोडं पाठवलं, स्वतः कधी आली नाही. लतिकाने ती धोतरं वापरली. दोन हजार तीनमध्ये शैलेंद्रच्या कंपनीने माणसं कमी केली आणि दोघं पुण्याला परतली. निघताना तिने शिवून ठेवलेली सगळी पाकिटं वॉर्डात पोचवली, वर्षभर पुरतील इतकी. काही महिन्यांनी साजिदाचं पत्र आलं की तिची बदली झाली आहे. तिच्यामागे त्या वॉर्डात कुणी कपडे देत होतं की नाही, हे लतिकाला शेवटपर्यंत कळलं नाही.